विश्लेषण : भारी कार्ड हातात असूनही डाव का हरतो?

घोडबंदर रोडवरील गृहसंकुलांत संध्याकाळी मुलांचा एक छोटा बाजार भरतो. मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंत कुठेही क्लबहाउसच्या पायऱ्यांवर किंवा बागेतल्या बाकांवर पोकेमॉन कार्डांचे गठ्ठे बाहेर निघतात, अदलाबदल होते, चमकणारी सोनेरी कार्डे मिरवली जातात. खेळ मात्र अनेकदा एका वाक्यात संपतो : ‘माझ्या कार्डाचे ३३० एचपी, तुझ्याचे ७०. मी जिंकलो!’ ज्याच्याकडे मोठ्या आकड्याचे कार्ड, त्याचा विजय ठरलेला. मग तसे कार्ड मिळावे म्हणून घरी हट्ट सुरू होतो, आणि ज्यांना ते मिळत नाही, ती मुले हळूहळू खेळातून बाजूला होतात. प्रत्यक्षात या खेळाच्या नियमांत असा एका वाक्यातला विजय नाही. मोठ्या कार्डाला लगाम घालणारा एक नियम त्यात सुरुवातीपासून आहे. तो म्हणजे ‘रिसोर्स’चा, पोकेमॉनच्या भाषेत ‘एनर्जी’चा नियम. तो काय आहे आणि त्यामुळे खेळ कसा बदलतो, याविषयी...

ट्रम्प कार्डांपेक्षा हा खेळ वेगळा कसा?

आजच्या मुलांच्या पालकांनी लहानपणी कुस्तीगिरांची ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ किंवा क्रिकेटपटूंची ट्रम्प कार्डे खेळली आहेत. त्या खेळात कार्डावरचा आकडा हेच सर्वस्व होते. वजन, छाती, जिंकलेल्या लढती यांपैकी एक आकडा पुकारायचा, ज्याचा आकडा सरस त्याने समोरच्याचे कार्ड घ्यायचे. कार्ड खेळायला काही खर्च करावा लागत नसे. संकुलांतली मुले पोकेमॉन कार्डे नेमकी याच पद्धतीने खेळतात.

पण कार्डावरचा आकडा आणि ते कार्ड कधी वापरता येईल, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. मराठी घरांत हे बदाम सातमुळे ठाऊक आहे. हातात बदामाचा राजा असला तरी राणी खाली उतरल्याशिवाय तो टाकता येत नाही. तोवर तो नुसता हातात धरून बसायचे. पोकेमॉन, मॅजिक यांसारखे ‘ट्रेडिंग कार्ड गेम’ याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच, की तिथे आधीचे पान खाली यावे लागते, इथे आधी ‘इंधन’ जमवावे लागते.

‘रिसोर्स’ म्हणजे नेमके काय?

रिसोर्स म्हणजे कार्ड वापरण्यासाठी चुकवावी लागणारी किंमत. ही किंमत रुपयांत नसते. खेळाच्या आतच ती निर्माण होते आणि तिथेच खर्च होते. बहुतेक खेळांत तिचे दोन भाग असतात. पहिला : प्रत्येक कार्डावर त्याचा खर्च छापलेला असतो. ताकद जास्त तर सहसा खर्चही जास्त. दुसरा : प्रत्येक पाळीला, म्हणजे टर्नला, रिसोर्स किती मिळणार यावर मर्यादा असते.

यातील दुसरा भाग अधिक महत्त्वाचा. घोडबंदर पट्ट्यातील रहिवाशांना तो वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. इमारतीची टाकी केवढी मोठी आहे, यावर घर चालत नाही. रोज त्यात किती पाणी पडते, यावर चालते. कार्डांचेही तसेच. हातात कितीही भारी कार्डे असली, तरी दर पाळीला किती रिसोर्स मिळतो त्या वेगानेच ती कामाला लावता येतात.

पोकेमॉनमधील एनर्जीचा नियम काय?

पोकेमॉनचा कार्डांचा खेळ जपानमध्ये १९९६ मध्ये, तर अमेरिकेत १९९९ मध्ये बाजारात आला. प्रत्येक खेळाडूचा डेक, म्हणजे स्वतः निवडलेला कॅट, बरोबर ६० कार्डांचा असतो. एकाच नावाची चारपेक्षा जास्त कार्डे त्यात ठेवता येत नाहीत. अपवाद फक्त बेसिक एनर्जीचा. ती हवी तितकी ठेवता येते. गवत, आग, पाणी, वीज, मानसिक शक्ती, लढाऊ, अंधार आणि धातू असे बेसिक एनर्जीचे आठ प्रकार सध्या वापरात आहेत.

पोकेमॉनच्या प्रत्येक हल्ल्याच्या नावाआधी डावीकडे छोटी गोल चिन्हे असतात. तितकी आणि त्या प्रकारची एनर्जी त्या पोकेमॉनला जोडलेली असेल, तरच तो हल्ला करता येतो. पांढऱ्या चांदणीचे चिन्ह असेल तर कोणत्याही प्रकारची एनर्जी चालते. आणि मुख्य नियम असा : हातातील एनर्जीचे कार्ड एका पाळीत एकदाच, एकाच पोकेमॉनला जोडता येते. हातात सहा एनर्जी असल्या तरी एकच.

एनर्जी एकदा जोडली की ती बहुतेक वेळा त्या पोकेमॉनपाशीच राहते, हल्ला केला म्हणून लगेच संपत नाही. मात्र पुढे लढणाऱ्या पोकेमॉनला मागच्या बाकावर, म्हणजे बेंचवर, न्यायचे असेल तर काही एनर्जी टाकून द्यावी लागते. त्याचा खर्च कार्डाच्या तळाशी छापलेला असतो. पोकेमॉन हरला, की त्याला जोडलेली सगळी एनर्जीही त्याच्याबरोबर जाते. म्हणून चार पाळ्यांची कमाई एकाच पोकेमॉनवर लावावी की दोघा-तिघांत वाटावी, हा खेळातला खरा प्रश्न आहे.

चॅरिझार्ड लगेच का जिंकत नाही?

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पहिल्या संचातील चॅरिझार्डचे. त्याचे एचपी १२०, हल्ल्याचे नुकसान १००. त्या काळात हे दोन्ही आकडे धडकी भरवणारे होते. पण तो थेट मैदानात येत नाही. आधी चार्मँडर, त्यावर चार्मेलियन आणि मग चॅरिझार्ड, अशी उत्क्रांतीची शिडी चढावी लागते. त्याच्या हल्ल्याला आगीची चार चिन्हे लागतात. पाळीला एकच एनर्जी जोडायची तर पहिला हल्ला चौथ्या पाळीत. शिवाय प्रत्येक हल्ल्यानंतर दोन एनर्जी टाकून द्याव्या लागतात. त्या भरून काढायला पुढच्या दोन पाळ्या जातात, म्हणजे दुसरा हल्ला सहाव्या पाळीत.

आता समोर एका एनर्जीत २० चे नुकसान करणारा साधा पोकेमॉन आहे असे समजू. तो पहिल्याच एनर्जीनंतर हल्ला सुरू करतो. चार पाळ्यांत त्याचे ८० चे नुकसान करून झालेले असते. त्या संचातील चार्मँडरचे एचपी फक्त ५०. म्हणजे चॅरिझार्ड हातात येऊन थांबलेला असताना खालचा चार्मँडर कधीच बाद झालेला असू शकतो. पहिल्या संचाच्या काळात स्पर्धांमध्ये ‘हेमेकर’ नावाने ओळखला जाणारा डेक गाजला, तो याच हिशेबावर. त्यात हिटमोंचॅन, इलेक्टाबझ यांसारखे शिडी न चढता थेट उतरणारे आणि एक-दोन एनर्जीत मारा करणारे पोकेमॉन असत. चित्रात रुबाबदार दिसणाऱ्या ड्रॅगनला ते तयार व्हायलाच वेळ देत नसत.

मुलांच्या तोंडी असलेला ३३० एचपीचा ‘चॅरिझार्ड ईएक्स’ हे अलीकडचे कार्ड. चार्मँडरवरून उत्क्रांत होत हातातून खाली येताना तो डेकमधून आगीच्या तीनपर्यंत एनर्जी शोधून जोडू देतो. म्हणजे त्याच्यासाठी नियमात सूट आहे. पण या सुटीलाही अटी आहेत. डेकमध्ये चार्मँडर हवा, तो आधीच्या पाळीपासून मैदानात टिकलेला हवा, मधली पायरी किंवा ती गाळू देणारे ‘रेअर कँडी’ कार्ड हातात हवे आणि डेकमध्ये आगीची एनर्जी शिल्लक हवी. इतके करून तो हरलाच, तर समोरच्याला एकाऐवजी दोन ‘प्राइज’ कार्डे मिळतात. एकूण प्राइज सहाच, ती आधी संपवणारा जिंकतो. एकटा चॅरिझार्ड ईएक्स खिशात घेऊन फिरणाऱ्या मुलाला नियमाप्रमाणे तो मैदानात उतरवताच येणार नाही.

ही कल्पना आली कुठून?

या प्रकारच्या खेळांची सुरुवात १९९३ मध्ये अमेरिकेत ‘मॅजिक : द गॅदरिंग’ने झाली. तो रचणारे रिचर्ड गारफिल्ड हे गणिताचे अभ्यासक. ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या कंपनीने तो बाजारात आणला. पुढे १९९९ मध्ये पोकेमॉनचा खेळ अमेरिकेत आणला तोही याच कंपनीने.

पाकिटातून कोणती कार्डे निघतील हे नशिबावर आणि कितीही कार्डे विकत घेण्याची मुभा, अशा खेळात एक धोका उघड होता. जास्त पैसे ओतणारा सगळी भारी कार्डे एकत्र करून प्रत्येक डाव जिंकेल. त्यावर खर्चाचा नियम हा एक उतारा ठरला. मॅजिकमध्ये मैदान, बेट, दलदल, डोंगर आणि जंगल अशी पाच मूलभूत ‘भूमी’ कार्डे आहेत. पाळीला एक भूमी खाली ठेवायची. वापरताना ती आडवी फिरवायची, की तिच्यातून ‘माना’ नावाची शक्ती मिळते, आणि त्या मानातून बाकीच्या कार्डांचा खर्च भागवायचा. सहा मानांचा राक्षस सहसा सहाव्या पाळीआधी येत नाही. सगळ्या डेकमध्ये राक्षसच भरले, तर पहिल्या पाच पाळ्या हात बांधून बसावे लागते. त्यामुळे चांगल्या डेकमध्ये स्वस्त, साधी, सहज मिळणारी कार्डे लागतातच.

पाच रंगांचाही हेतू तोच. लाल कार्डाला डोंगर लागतो, निळ्याला बेट. पाचही रंगांतली उत्तम कार्डे एकत्र केली, तर योग्य भूमी वेळेवर न येण्याची जोखीम वाढते.

एनर्जी वेळेवर आलीच नाही तर?

या नियमाची ही दुखरी बाजू. रिसोर्सही पत्त्यांतूनच येत असल्याने तो नशिबावर अवलंबून असतो. ६० कार्डांच्या पोकेमॉन डेकमध्ये १२ एनर्जी ठेवल्या, तर सुरुवातीला हाती येणाऱ्या ७ कार्डांत एकही एनर्जी नसण्याची शक्यता सुमारे १९ टक्के, म्हणजे जवळपास पाच डावांपैकी एकात. एनर्जी वाढवून १८ केल्या, तर ही शक्यता ७ टक्क्यांवर येते. पण मग पोकेमॉन आणि मदतीच्या कार्डांसाठी ४२ जागाच उरतात, आणि उलट अडचण होते : हातात नुसत्या एनर्जी, लढायला कोणी नाही.

मॅजिकमध्येही हेच गणित आहे. ६० पैकी २४ भूमी असतील, तर पहिल्या ७ कार्डांत एकही नसण्याची किंवा एकच असण्याची शक्यता सुमारे १४ टक्के. तिथे वाईट हात परत करून नवा घेण्याची सोय आहे. २०१९ पासूनच्या नियमानुसार पुन्हा ७ कार्डे घ्यायची आणि जितक्या वेळा हात बदलला तितकी कार्डे डेकच्या तळाशी ठेवायची. पोकेमॉनमध्ये हात बदलण्याची सोय आहे, पण सुरुवातीच्या हातात एकही बेसिक पोकेमॉन नसेल तरच. तेव्हा समोरच्याला एक जादा कार्ड घेता येते. नुसती एनर्जी नाही, या कारणावरून हात बदलता येत नाही. म्हणून पोकेमॉन डेकमध्ये कार्डे ओढून देणारी, डेकमधून हवे ते शोधून देणारी ‘ट्रेनर’ कार्डे मोठ्या संख्येने असतात. सोनेरी चमक नसलेली ही कार्डे अदलाबदलीत मुले सर्वांत आधी देऊन टाकतात. प्रत्यक्षात डेक चालतो तो त्यांच्यावर.

इतर खेळांनी कोणते मार्ग काढले?

मॅजिकनंतर आलेल्या खेळांनी या दुखण्यावर वेगवेगळी औषधे शोधली. जपानमध्ये २००२ मध्ये आलेल्या ‘ड्युएल मास्टर्स’मध्ये भूमीची वेगळी कार्डे नाहीत. हातातील कोणतेही कार्ड रिसोर्स म्हणून खाली ठेवता येते. २०२३ मध्ये आलेल्या डिस्नेच्या ‘लॉरकाना’तही असाच मार्ग आहे, पण तिथे ठरावीक चिन्ह असलेली कार्डेच ‘शाई’ म्हणून वापरता येतात. रिसोर्स कधीच अडत नाही, मात्र दर वेळी एखाद्या उपयोगी कार्डावर पाणी सोडावे लागते.

‘वन पीस’च्या कार्डांच्या खेळात रिसोर्सचा दहा कार्डांचा वेगळाच गठ्ठा असतो. त्यातून दर पाळीला दोन कार्डे मिळतात. पहिल्यांदा खेळणाऱ्याला फक्त पहिल्या पाळीत एक. संगणक आणि मोबाइलवर खेळल्या जाणाऱ्या ‘हार्थस्टोन’ने २०१४ मध्ये नशीब पूर्णच काढून टाकले. प्रत्येकाला पहिल्या पाळीत एक, दुसऱ्या पाळीत दोन असे वाढत जाऊन दहापर्यंत स्फटिक आपोआप मिळतात. ‘युगिओ’ने तर असा रिसोर्सच ठेवला नाही. तिथे पाळीला एकच साधे आवाहन आणि मोठ्या राक्षसासाठी मैदानातील छोट्यांचा बळी, एवढीच मर्यादा. पण ती बगल देऊन राक्षस उतरवण्याच्या वाटा वाढत गेल्या. परिणामी आज एकाच पाळीत लांबलचक खेळींची साखळी लागते, आणि समोरचा नुसता बघत बसतो.

मोबाइलवरील पोकेमॉनचा नियम वेगळा का?

३० ऑक्टोबर २०२४ रोजी आलेल्या ‘पोकेमॉन टीसीजी पॉकेट’ या ॲपमुळे अनेक मुलांनी नियमांसह खेळणे प्रथमच अनुभवले. मात्र त्यातील नियम कागदी कार्डांचे नाहीत. डेक २० कार्डांचा, एका नावाची जास्तीत जास्त दोन कार्डे आणि विजयासाठी तीन गुण. डेकमध्ये एनर्जीची कार्डेच नसतात. दर पाळीला एक एनर्जी आपोआप तयार होते. पहिल्यांदा खेळणाऱ्याला मात्र पहिल्या पाळीत ती मिळत नाही, कारण आधी सुरुवात करण्याचा फायदा कुठेतरी भरून काढायला हवा. एकापेक्षा जास्त प्रकारच्या एनर्जी निवडल्या, तर पुढची कोणती येईल हे ॲप ठरवते. त्यामुळे इथेही सगळ्या रंगांची भारी कार्डे एकत्र कोंबणाऱ्याची गैरसोय होते.

मोबाइलचे नियम शिकलेला आणि कागदी नियम शिकलेला अशी दोन मुले समोरासमोर बसली, तर वाद होणे स्वाभाविक आहे. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. डाव सुरू होण्याआधी कोणते नियम, हे ठरवणे एवढाच त्यावर उपाय.

नियम मोडणारे कार्डच सर्वांत महाग का?

रिसोर्सचा नियम पैशाचा प्रभाव पूर्ण पुसतो, असे मात्र नाही. मॅजिकमधील सर्वांत प्रसिद्ध महाग कार्ड कोणताही राक्षस किंवा ड्रॅगन नाही. ते आहे ‘ब्लॅक लोटस’ हे काळ्या कमळाचे कार्ड. ते उतरवायला काही खर्च नाही, आणि त्याचा बळी दिला की एका रंगाचे तीन माना मिळतात. पहिल्या पाळीत एक भूमी आणि हे कमळ असले, की चौथ्या पाळीची ताकद हातात येते. १९९३ मध्ये छापलेल्या या कार्डाची एक प्रत जानेवारी २०२१ मध्ये ५ लाख ११ हजार १०० डॉलरना विकली गेली. दुर्मिळता हे त्याचे एक कारण. पण संपूर्ण खेळ ज्या मर्यादेवर उभा आहे ती मर्यादाच हे कार्ड ओलांडते, हेही तितकेच खरे. म्हणून जवळपास सर्व स्पर्धांत त्यावर बंदी आहे. ‘व्हिंटेज’ या प्रकारात ते चालते, तेही डेकमध्ये एकच.

मोबाइलवरील पोकेमॉनमध्ये ‘मिस्टी’ या कार्डावरून खेळाडूंनी बोटे मोडली, त्यामागेही हेच कारण होते. छापा-काटा करायचा, काटा येईपर्यंत जितके छापे पडतील तितक्या पाण्याच्या एनर्जी एका पोकेमॉनला जोडायच्या. नशीब जोरावर असेल तर पहिल्याच पाळीत तीन-चार एनर्जी मिळतात आणि समोरच्याचा डाव सुरू होण्याआधीच कलंडतो. एनर्जीचा वेग बिघडला, की काय होते हे अशा कार्डांतून दिसते.

संकुलातील खेळात हे कसे आणता येईल?

६० कार्डांचा नियमानुसार डेक प्रत्येक मुलाकडे असेलच असे नाही. स्टेशनरीच्या दुकानांत मिळणाऱ्या स्वस्त, अनधिकृत सोनेरी पाकिटांत तर मोठमोठ्या आकड्यांची कार्डेच भरलेली असतात. एनर्जी आणि ट्रेनर क्वचितच सापडतात. मुलांनी आकडे भिडवण्याचा मार्ग धरला, त्याचे हेही एक कारण.

त्यावर मोबाइलचा नियम कागदावर आणणे हा सोपा मार्ग आहे. प्रत्येकाने २० कार्डे निवडायची, त्यात उत्क्रांतीच्या खालच्या पायऱ्या असायलाच हव्यात. एनर्जीच्या कार्डांऐवजी कॅरमच्या सोंगट्या घ्यायच्या. पाळीला एक सोंगटी एकाच पोकेमॉनवर ठेवायची, आणि हल्ल्यापुढे जितकी चिन्हे तितक्या सोंगट्या झाल्याशिवाय हल्ला नाही. एनर्जीचे प्रकार पाळायचे की कोणतीही सोंगटी चालवायची, हे आधी ठरवायचे. हल्ल्यात ‘एनर्जी टाकून द्या’ असे लिहिले असेल, तर तितक्या सोंगट्या परत. एवढे पाळले तरी खेळाची रंगत बदलते. ३३० एचपीवाल्याला वाट पाहावी लागते आणि ७० एचपीवाल्याला त्या वेळात काहीतरी करून दाखवण्याची संधी मिळते.

पालकांसाठीही यात एक खूण आहे. कार्ड भारी आहे की नाही, हे उजव्या वरच्या कोपऱ्यातील एचपीच्या आकड्यावरून ठरत नाही. हल्ल्याच्या नावाआधीची चिन्हे मोजायची आणि मुलाला विचारायचे, की इतकी एनर्जी कितव्या पाळीत जमेल आणि तोवर हा पोकेमॉन टिकेल कसा? त्याचे उत्तर मुलाकडे असेल, तर नवे पाकीट न घेताही त्याला चांगला डाव खेळता येईल.